मदतकार्यातील प्रणालीविचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपत्ती, युद्ध किंवा विस्थापन यांनंतरच्या मदतकार्यात उतरणाऱ्या संस्था, समाजकार्याचे विद्यार्थी आणि देणगीदार यांच्याकडून प्रणालीविचाराविषयी, म्हणजे ज्याला सर्रास 'सिस्टिम्स थिंकिंग' म्हटले जाते त्याविषयी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उदाहरणे बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यातील, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांची आहेत. अन्न, पाणी, जळण, जंगल, मजुरी आणि राजकारण यांचा गुंता इतक्या उघडपणे दिसणारी दुसरी जागा अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल. सोमालिया, हैती आणि आपले किल्लारी यांचाही आधार आवश्यक तेथे घेतला आहे.

प्रणालीविचार म्हणजे नेमके काय?

एखाद्या प्रश्नाचे सुटे भाग पाडून प्रत्येकावर वेगळा इलाज करण्याऐवजी ते भाग एकमेकांवर कसा परिणाम करतात आणि तो परिणाम फिरून मूळ जागी कसा परततो, याचा माग काढण्याची ही पद्धत आहे. तिचा औपचारिक पाया १९५० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी घातला. ते मुळात विद्युत अभियंते होते आणि त्यांनी सुरुवात कारखान्यांतील उत्पादन व साठा यांच्या चढउतारांपासून केली. मदतकार्यात ही पद्धत बऱ्याच उशिरा आली.

तिच्यातील दोन कल्पना समजल्या तरी पुढचे बरेचसे काम सोपे होते. पहिली कल्पना प्रतिसादचक्राची. सोमालियातील पशुपालक कुटुंबाचा दुष्काळातील हिशेब पाहा. पाऊस हुकला की चारा संपतो, जनावरे रोडावतात आणि धान्यासाठी शेळी विकावी लागते. त्याच आठवड्यात आसपासचे सगळेच शेळ्या विकायला काढतात, त्यामुळे शेळीचा भाव पडतो, आणि पीक गेल्यामुळे धान्याचा भाव मात्र चढलेला असतो. पूर्वी एका शेळीत जेवढे धान्य येई तेवढ्यासाठी आता दोन किंवा तीन शेळ्या द्याव्या लागतात, म्हणून आणखी शेळ्या बाजारात येतात आणि भाव आणखी पडतो. हे स्वतःच स्वतःला वाढवत नेणारे चक्र आहे. याच्या उलट काही चक्रे परिस्थिती सावरून धरतात: नातेवाइकांनी परदेशातून पाठवलेले पैसे, उधारीवर माल देणारा दुकानदार, पाहुण्यांना सामावून घेणारे घर. मदत पोहोचण्याआधी माणसे जगतात ती बहुधा याच सावरणाऱ्या चक्रांच्या आधाराने, आणि बाहेरून आलेल्या माणसाला नेमकी तीच दिसत नाहीत.

दुसरी कल्पना विलंबाची. निर्णय आज घेतला तरी त्याचा परिणाम सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी दिसतो, आणि तोवर निर्णय घेणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.

'सगळे काही एकमेकांशी जोडलेले आहे' एवढेच सांगायचे असेल तर त्यात नवीन काय?

एवढेच सांगायचे असेल तर खरोखरच काही नवीन नाही, आणि दुर्दैवाने पुष्कळ कार्यशाळा तेवढ्यावरच संपतात. अमुक गोष्ट तमुक गोष्टीशी जोडलेली आहे असे म्हणणाऱ्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: ती कशाच्या द्वारे जोडलेली आहे, परिणाम कोणत्या दिशेने जातो आणि तो दिसायला साधारण किती काळ लागतो. हे सांगता येत नसेल तर कागदावरचा बाण पुसून टाकावा.

कॉक्स बाजारच्या सरपणाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे काय घडले?

२५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून अवघ्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत आले. आधीच्या वर्षांत आलेले धरून ही संख्या नऊ लाखांच्या वर गेली, म्हणजे त्या दोन उपजिल्ह्यांतील स्थानिक लोकसंख्येपेक्षाही जास्त. त्यांना तांदूळ, डाळ आणि तेल मिळू लागले. जागतिक अन्न कार्यक्रमाची आणि इतर संस्थांची वाटपव्यवस्था, इतक्या मोठ्या संख्येच्या मानाने, लवकर बसली.

पण डाळ-तांदूळ शिजवावे लागतात. जळणाची सोय शिध्यात नव्हती. त्यामुळे रोज सकाळी मुले आणि स्त्रिया कोयते घेऊन टेकड्यांवर जाऊ लागल्या. प्रथम फांद्या गेल्या, मग बुंधे, मग मुळेही खणून काढली गेली. काही हजार एकर जंगल छावण्यांसाठी जागा करताना आणि सरपणापायी नाहीसे झाले. मुळे निघाल्यावर वाळूमिश्रित मातीचे उतार सुटे झाले, आणि त्या भागात पावसाळा अतिशय जोराचा असल्याने दरडी घरांवर येऊ लागल्या. जंगल मागे हटत गेले तसे सरपणासाठी चालायचे अंतर वाढले, आणि त्याबरोबर वाटेत स्त्रियांना होणारा त्रासही. ज्या स्थानिक गरिबांचा त्याच जंगलावर हक्क होता, त्यांच्याशी भांडणे सुरू झाली. हा टापू आशियाई हत्तींच्या येण्याजाण्याच्या मार्गावर आहे; छावणीत शिरलेल्या हत्तींच्या हल्ल्यांत माणसे मेली. ज्यांना जंगलात जाणे शक्य नव्हते ती कुटुंबे मिळालेल्या शिध्यातील काही भाग विकून बाजारातून मोळी घेऊ लागली. अन्नवाटपाचे आकडे पूर्ण भरत होते, आणि ताटातले अन्न मात्र चुलीच्या वाटेने कमी होत होते.

२०१८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी घरोघरी एलपीजीची शेगडी आणि सिलिंडर देण्यास सुरुवात केली. आसपासच्या स्थानिक कुटुंबांनाही या योजनेत घेतले गेले, आणि आमच्या मते हा त्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग होता. सरपणाची मागणी झपाट्याने घसरली, उघड्या टेकड्यांवर गवत आणि रोपे लावता आली, शिधा विकण्याचे एक मोठे कारण गेले. ऊर्जा, पर्यावरण, पोषण, स्त्रियांची सुरक्षितता आणि स्थानिकांशी संबंध या पाच वेगवेगळ्या खात्यांच्या प्रश्नांवर एका वस्तूने एकाच वेळी परिणाम केला. प्रणालीविचारात अशा जागेला कळीची जागा म्हणतात.

तेथे गोष्ट संपत नाही. गॅस दर महिन्याला भरून द्यावा लागतो, म्हणजे जंगलावरचा भार आता देणगीदाराच्या अंदाजपत्रकावर आला. निधी आटला तर लोक कोयता घेऊन पुन्हा टेकडीकडेच वळतील. शिवाय बांबू आणि ताडपत्रीच्या दाट वस्तीत लाखो सिलिंडर आले. २२ मार्च २०२१ रोजी बालुखाली भागात लागलेल्या प्रचंड आगीत सुमारे पंचेचाळीस हजार लोक बेघर झाले. सिलिंडर फुटल्याने आग भडकल्याचे तेव्हा अनेकांनी सांगितले. त्याहून जास्त टीका झाली ती छावणीभोवतीच्या काटेरी कुंपणावर, कारण त्यामुळे पळण्याच्या वाटा अडल्या. कुंपण सुरक्षेच्या खात्याने घातले होते, घरे निवाऱ्याच्या खात्याने बांधली होती आणि गॅस तिसऱ्यांनी दिला होता.

पहिल्या आठवड्यात माणसे मरत असताना हा विचार करायला सवड कोणाला असते?

पहिल्या बहात्तर तासांत नकाशे काढत बसू नये. पाणी, निवारा आणि जखमींवर उपचार यांची किमान प्रमाणे ठरलेली आहेत. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचालय हा हिशेब अनुभवी कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो, आणि तो तसाच वापरावा.

मात्र काही निर्णय पहिल्या आठवड्यातच घट्ट होऊन बसतात आणि पुढे बदलता येत नाहीत, एवढे भान तेव्हाही ठेवावे लागते. २०१७ च्या शरदात कॉक्स बाजारमध्ये अनेक संस्थांनी हजारो उथळ हातपंप आणि तितक्याच घाईने शौचालये बसवली. दोन्ही आकडे स्वतंत्रपणे पाहिले तर समाधानकारक होते. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पंप आणि शौचखड्डा यांत पुरेसे अंतर राहिले नाही, पाणी दूषित झाले, काही पंप लवकरच बंद पडले. भरलेले खड्डे उपसायचे तर त्या चढउतारांवर मैला उपसणारी गाडी जात नव्हती. पुढे खोल कूपनलिका, सौरपंप आणि नळाचे पाणी आणून हे निस्तरावे लागले. पहिल्याच दिवशी पाणीवाल्या आणि शौचालयवाल्या संस्थांनी उताराचा एक कच्चा नकाशा समोर ठेवून तासभर एकत्र बसणे, एवढ्यानेही यातले बरेच टळले असते.

दुसरे उदाहरण 'माझी' या व्यवस्थेचे. वाटप सुरळीत व्हावे म्हणून प्रशासनाने वस्तीवस्तीत एकेक मुखिया नेमला, त्याला तेथे माझी म्हणतात. यादीत नाव घालणे, बाहेरच्यांना माहिती देणे आणि तक्रार पोहोचवणे हे तिन्ही त्याच्याच हातून होऊ लागले. काही माझी चांगले होते, काहींनी पैसे घेतले. पण एखाद्याने पैसे घेतले तर त्याची तक्रार त्याच्याचमार्फत करावी लागत होती, आणि दोष माणसापेक्षा या रचनेत होता. नंतर काही छावण्यांत निवडून आलेल्या समित्यांचा प्रयोग झाला, परंतु एकदा रुजलेली सत्ता सहज हलत नाही.

मदतीमुळे नुकसान होऊ शकते, हे जरा अतिशयोक्त नाही का?

नाही. हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ऑक्टोबरमध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. मिरबाले गावाजवळील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैलापाणी आर्तिबोनीत नदीच्या उपनदीत गेले आणि त्यातून साथ पसरली. त्या देशात आधुनिक काळात पटकीची नोंदच नव्हती. पुढील वर्षांत सुमारे आठ लाख लोकांना लागण झाली आणि दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये.

गोमा येथील १९९४ चे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण तेथे निष्काळजीपणा नव्हता. रवांडातील वंशसंहारानंतर झाईरेमधील (आजच्या काँगोमधील) या शहराजवळ पळून आलेल्या लाखो लोकांमध्ये संहार करणारे सशस्त्र गटही होते. छावण्यांचा आणि वाटपाचा ताबा त्यांनी घेतला. शिधा थांबवला तर निरपराध उपाशी मरणार होते, आणि चालू ठेवला तर मारेकऱ्यांची फौज पोसली जाणार होती. काही संस्थांनी काम सोडले, काही थांबल्या. कोणता निर्णय बरोबर होता यावर आजही एकमत नाही. मात्र मदत हा परिस्थितीबाहेरचा तटस्थ घटक नसतो आणि ती ट्रकमधून उतरताक्षणी त्या परिस्थितीचा भाग होते, ही जाणीव मदतक्षेत्राला प्रामुख्याने गोमाने करून दिली.

उपासमार असेल तेथे धान्य वाटणे हा सरळ उपाय नाही का?

कधी असतो, कधी नसतो. बाजारात धान्यच नसेल किंवा बाजारच मोडला असेल, तर धान्य न्यावेच लागते. धान्य आहे पण लोकांकडे पैसा नाही, अशी स्थिती असेल तर बाहेरून फुकट आलेले धान्य स्थानिक शेतकऱ्याचा भाव पाडते आणि व्यापाऱ्याला माल आणण्यापासून परावृत्त करते, म्हणजे सावरणारे चक्रच मोडते.

महाराष्ट्राने १९७२–७३ च्या दुष्काळात यातला एक मोठा धडा घालून दिला. सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेली मिलो नावाची ज्वारीही लोकांनी नाइलाजाने खाल्ली, पण मुख्य भर होता तो दुष्काळी कामांवर. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात, ऐन शिखरावर, पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. हातात मजुरी आल्यामुळे दुष्काळी भागातही धान्याला गिऱ्हाईक राहिले, आणि गिऱ्हाईक असल्यामुळे, जिल्ह्याबाहेर धान्य नेण्यास बंदी असतानाही, धान्य या ना त्या मार्गाने तेथे पोहोचत राहिले. पिके इतकी बुडूनही मृत्यूंची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. अलीकडच्या दुष्काळांत उघडलेल्या चारा छावण्यांचेही तर्कशास्त्र असेच आहे. छावणीतली जनावरे पडत्या भावाच्या बाजारात येत नाहीत, आणि वर शेळीच्या उदाहरणात सांगितलेले चक्र तेवढ्यापुरते तुटते. छावण्यांच्या कारभाराविषयीच्या तक्रारी हा वेगळा विषय आहे.

सोमालियात २०११ मध्ये हे जमले नाही. २०१० च्या उत्तरार्धापासून इशारे दिले जात होते. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिणेतील दोन प्रदेशांत भूकबळींचा दुष्काळ ('फॅमिन') अधिकृतपणे जाहीर केला, आणि निधीचा ओघ खऱ्या अर्थाने त्यानंतर वाढला. नंतरच्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे दोन लाख अठ्ठावन्न हजार लोक मेले, त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती, आणि त्या मृत्यूंपैकी फार मोठा हिस्सा जाहीर घोषणा होण्यापूर्वीचा होता. माहिती नव्हती असे कोणीही म्हणू शकत नाही. अडला होता तो माहिती आणि पैसा यांच्यामधला दुवा: देणगीदार आकडा पुरेसा भयंकर होईपर्यंत थांबले, अल-शबाब या सशस्त्र संघटनेने अनेक संस्थांना बंदी घातली होती, आणि आपला पैसा त्या संघटनेच्या हाती लागला तर अमेरिकी दहशतवादविरोधी कायद्याखाली आपणच अडकू ही संस्थांची भीतीही खरी होती. पुढे काही संस्थांनी हवालामार्फत रोख पैसे पोहोचवले आणि धान्य आणण्याचे काम सोमाली व्यापाऱ्यांवर सोपवले. ते त्यांनी चोख केले.

किल्लारीच्या भूकंपातून या दृष्टीने काय शिकता येते?

पुष्कळ, आणि महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी परदेशी उदाहरणांच्या आधी हेच अभ्यासावे असे आम्हांला वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. मारेकरी ठरली ती चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींची आणि वर मातीचा थर असलेली माळवदी घरे. त्यामुळे लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली, नव्या जागेची मागणी झाली, आणि संपूर्ण गाव दत्तक घेऊन नव्याने वसवणे देणगीदारांनाही सोयीचे व डोळ्यांत भरणारे वाटले. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या कार्यक्रमात आणि देणग्यांतून बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी गेली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०.

नव्या गावांत रस्ते रुंद आणि काटकोनात होते. जुन्या गावठाणातले अंगण, बोळ, भावकीची शेजारशेजारची घरे आणि दाराशी गोठा यांना त्या आखणीत जागा नव्हती. शेत लांब गेले, सिमेंटची घरे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापू लागली, आणि गाव दुप्पटतिप्पट पसरल्यामुळे पाणी, दिवे व गटारे सांभाळणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेले. लोकांनी हळूहळू पत्र्याचे आडोसे, गोठे, ओटे जोडून आपले गाव परत घडवायला घेतले. भूकंपरोधक घराला कोणीतरी दगडमातीची खोली जोडते तेव्हा त्याला अडाणी ठरवणे सोपे असते, पण जनावर बांधायला जागा न ठेवणारा आराखडा कोणी मंजूर केला, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

त्याच कार्यक्रमात दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा दुसरा, बराच मोठा भाग होता. सुमारे दोन लाख घरे त्याच जागी, घरमालकांनी स्वतः, हप्त्याहप्त्याने मिळालेल्या पैशांतून दुरुस्त केली किंवा बांधली. येथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून काम करू लागल्या. हप्ता कुठे अडला, अभियंता कधी येणार, गवंड्याने कोपऱ्याला बांधणीचा दगड घातला की नाही, याची विचारपूस त्या करत आणि अडचण वर पोहोचवत. प्रतिसादचक्राला येथे तोंड आणि पाय मिळाले होते. छायाचित्रात हा भाग कमी येतो, कारण उद्घाटनाची फीत कापायला तेथे एकही नवे गाव नव्हते.

संबंधांचा नकाशा प्रत्यक्षात कसा काढावा?

भिंतीवर मोठा कागद लावावा आणि मध्यभागी प्रश्न लिहावा. प्रश्न 'कुपोषण' असा एका शब्दाचा नसावा. 'शिधा पूर्ण मिळूनही या वस्तीतील मुलांचे वजन मार्चपासून का घटले' अशा नेमक्या वाक्याने काम सुरू होते. मग कशाने काय वाढते आणि काय घटते हे बाणांनी जोडावे, प्रत्येक बाणावर अंदाजे कालावधी लिहावा आणि कुठे वर्तुळ पुरे होते ते शोधावे.

कोणाला विचारायचे, याला आकृतीपेक्षा जास्त महत्त्व आहे. छावणीच्या फाटकावरचा रिक्षावाला, किराणा दुकानदार, दाई आणि मोळीविक्या यांना जे ठाऊक असते ते समन्वय बैठकीत कधीच येत नाही. वाटप केलेले तेल बाजारात काय भावाने विकले जाते, हे दुकानदार एका वाक्यात सांगतो, आणि त्या एका आकड्यातून शिध्याचे काय होते आहे याची बरीच कल्पना येते.

ऐंशी बाण असलेला नकाशा कोणीही वापरत नाही. तो अहवालाच्या परिशिष्टात जातो. दहा-पंधरा बाण पुरेत. दर महिन्याला त्याच कागदासमोर उभे राहून कोणता बाण खोटा ठरला ते विचारावे आणि तो खोडावा. खाडाखोड झालेला कागद दिसला की नकाशा खरोखर वापरात आहे असे समजावे.

यासाठी संगणकीय प्रतिमाने लागतात का?

बहुधा नाही. लसीचा साठा, साथीचा वेग किंवा मोठ्या पुरवठासाखळीचे नियोजन यांत ती उपयोगी पडतात. एरवी कागद, पेन्सिल आणि बाजारभावांची नियमित नोंद पुरते.

संयुक्त राष्ट्रांची क्लस्टर व्यवस्था हेच काम करत नाही का?

अंशतः. २००५ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत पाणी व स्वच्छता, निवारा, आरोग्य, पोषण, अन्नसुरक्षा अशी क्षेत्रे ठरवून प्रत्येकासाठी एक जबाबदार संस्था नेमण्यात आली. त्यापूर्वी एकाच गावात चार संस्था भांडी वाटत आणि शेजारच्या गावात कोणीच जात नसे, ते पुष्कळ कमी झाले. परंतु या व्यवस्थेने क्षेत्राच्या आतला गोंधळ मिटवताना क्षेत्राक्षेत्रांमधील भिंती पक्क्या केल्या. सरपण कोणाचे? पोषणाचे, पर्यावरणाचे की संरक्षणाचे? ज्या प्रश्नाचा कोणताच विभाग धनी नसतो तो सर्वांच्या बैठकीत शेवटच्या पाच मिनिटांत येतो. म्हणून दोन क्षेत्रांच्या सीमेवरच्या प्रश्नांसाठी एक नाव आणि थोडासा निधी आधीच राखून ठेवावा, अशी आमची शिफारस आहे.

देणगीदार वाटपाचे आकडे मागतात. मग हा विचार प्रस्तावात कसा बसवायचा?

येथे खरा अडथळा आहे आणि तो छावणीत नसून निधीच्या रचनेत आहे. बहुतेक निधी वर्षभराचा असतो, तो वस्तूंच्या संख्येला बांधलेला असतो, आणि मध्येच काम बदलायचे तर लांबलचक पत्रव्यवहार करावा लागतो. शिकायला वाव नाही आणि चूक दिसली तरी दुरुस्त करता येत नाही, अशा चौकटीत कार्यकर्त्याला प्रणालीविचाराचे प्रशिक्षण देणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

निधीतील चढउतार हाही प्रणालीचाच भाग असतो. कॉक्स बाजारमध्ये २०२३ साली पैसा अपुरा पडल्याने माणशी महिन्याचा शिधा मार्चमध्ये १२ डॉलरवरून १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा १० झाला. शिधापत्रकावर ही चार डॉलरची कपात आहे. ज्यांना कायद्याने बाहेर काम करण्याची परवानगी नाही अशा घरात तिचा अर्थ कर्ज, मुलीचे लवकर लग्न, मुलाला चोरून मजुरीला पाठवणे किंवा समुद्रमार्गे मलेशियाला नेणाऱ्या दलालाचा दरवाजा असा होतो. चोरून आलेल्या मजुरांमुळे स्थानिक मजुरी घसरते, आणि मग छावणीविरुद्धचा रोष वाढतो.

प्रस्तावापुरता व्यावहारिक मार्ग असा: वाटपाच्या आकड्यांबरोबर एकदोन 'परतीचे' निर्देशक, म्हणजे वाटलेल्या वस्तूचे पुढे काय झाले ते दाखवणारे आकडे द्यावेत, उदाहरणार्थ शिध्यातील तेलाचा बाजारातील पुनर्विक्रीचा भाव. आणि अंदाजपत्रकाचा ठरावीक हिस्सा सहा महिन्यांनी फेरवाटप करण्याची मुभा सुरुवातीलाच लेखी मागावी. काही देणगीदार ती देतात.

लहान संस्थेला किंवा गावातल्या मंडळाला याचा काय उपयोग?

मोठ्या संस्थेपेक्षा जास्त, कारण लहान संस्थेला निर्णय बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. पूर ओसरल्यावर जुन्या कपड्यांचे ढीग आणि बिस्किटांचे पुडे हमरस्त्यालगतच्या गावांत साचतात, कारण ट्रक तेथपर्यंतच जातो, ही गोष्ट कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूर पाहिलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही. अशा वेळी आणखी एक ट्रक पाठवण्याऐवजी आतल्या गावाला विचारावे की काम पुन्हा सुरू व्हायला नेमके काय अडले आहे. उत्तर पुष्कळदा विहिरीतला गाळ, भिजलेली मोटार, मेलेली म्हैस किंवा वाहून गेलेली कागदपत्रे असे येते. मोटार दुरुस्त करणारा एक वायरमन आठवडाभर तेथे ठेवणे हे घोंगड्यांपेक्षा स्वस्त पडते.

प्रणालीविचाराच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा अशी की गुंतागुंत हे निर्णय न घेण्याचे निमित्त बनू शकते. 'प्रश्न फार व्यामिश्र आहे' हे वाक्य सोमालियातील विलंबाच्या काळातही बोलले गेले असणार. दुसरी अशी की नकाशा काढणाऱ्याला आपण स्वतः त्या नकाशात आहोत हे सहज विसरता येते. संस्थेचा पगार, तिच्या गाड्यांमुळे वाढलेले घरभाडे, तिने पळवलेले स्थानिक शिक्षक आणि परिचारिका हे सारे बाण काढायला हवेत, आणि ते क्वचितच काढले जातात.

नकाशाची सीमा कुठे थांबवावी?

ज्याच्यावर आपला काहीच प्रभाव पडत नाही तेथे, हे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे, आणि ते अर्धेच बरोबर आहे. रोहिंग्यांच्या बाबतीत छावणीच्या कुंपणापाशी रेघ मारली तर सगळे प्रश्न पाणी, बांबू आणि गॅस यांचे दिसतात आणि सुटण्याजोगे वाटतात. रेघ नाफ नदीपलीकडे नेली तर म्यानमारचा १९८२ चा नागरिकत्व कायदा त्या चौकटीत येतो, ज्याने बहुसंख्य रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले, आणि कोणत्याही मदतसंस्थेला तो बदलता येत नाही. तरीही तो कागदावर असावा. परत जाण्याची वाट बंद असलेल्या माणसासाठी पाच वर्षे टिकणारे घर बांधायचे की एका पावसाळ्याचे, त्याच्या मुलांना कोणत्या भाषेतला अभ्यासक्रम द्यायचा, आणि त्याला कामाची परवानगी मिळावी म्हणून ढाक्यात कोणाशी बोलायचे, हे रोजचे निर्णय त्या कायद्याशी बांधलेले आहेत.